मदरबोर्डाची पूजा

अक्षतेचा तो एक दाणा काही केल्या निघेना.

भोजराजभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. देवघरापुढच्या पाटावर नवा मदरबोर्ड होता. त्याच्या मधल्या चौकोनात केसाहून बारीक पिना दाटीने उभ्या, आणि त्यांत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा रुतलेला. शेवटी बायकोच्या पेटीतला बारीक चिमटा आणून त्यांनी तो उचलला. दाणा निघाला. पण खाली पाहतात तो काय, पाच-सहा पिना आडव्या झालेल्या.

त्यांनी चिमटा हळूच पाटाखाली सरकवला.

घरात आलेली वस्तू आधी देवापुढे, मग वापरात, हा भाऊंचा नेम. शिलाई मशीन, पंखा, मोबाईल, कुंकवावाचून काहीच सुटलं नव्हतं. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी दीप्ती या नेमाला नेहमी नाक मुरडायची. आज मात्र सकाळी तिनेच खोका आणून देवापुढे ठेवला. "बाबा, मी कॉलेजले चालली. तुमी आरामात पूजा करून घेजा. खोका उघडूनच करा, वरच्यावर नको."

भाऊंना भरून आलं होतं. पोरीला देवाची ओढ लागली, या आनंदात त्यांनी पिनांवरचं काळं झाकणसुद्धा काढलं. झाकणावर कसली पूजा?

गेम खेळायच्या कम्प्युटरसाठी ती दोन वर्षं मागे लागली होती, आणि दोन वर्षं भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. गेल्या दिवाळीला त्यांनी हात टेकले, पण अट घातली: एकदाच. बिघडला तर पुन्हा नाव काढायचं नाही.

मग तिने वही केली. तीन महिने एकेक भाग पत्रिका जुळवाव्या तसा जुळवला. हा प्रोसेसर याच सॉकेटात, म्हणजे पिनांच्या चौकोनात, बसतो, या बोर्डाला हीच रॅम चालते, ग्राफिक्स कार्ड लांब आहे तर कॅबिनेटात मावेल ना, सगळ्यांना पुरेल इतकी वीज पॉवर सप्लाय देईल ना. समजावताना तिचे डोळे असे चमकत, की भाऊच मग चहा पिता पिता विचारू लागले, "हा त्याले चालते का?" बाप-लेक इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसले नव्हते.

आता तिला कळलं तर ती काय म्हणेल? बाबाले नकोच होता. मुद्दाम केलं. भाऊंना खरी धास्ती याचीच होती. बोर्डाचं एक वेळ सोडा, पोर पुन्हा कधी वही घेऊन शेजारी बसणार नव्हती.

सामान बालाघाटातल्याच वीरेंद्रच्या दुकानातून आणलेलं. पण वीरेंद्र तोंडाचा सैल, आज सांगावं तर उद्या बाजारभर. म्हणून भाऊंनी वहीतलं पान उतरवून घेतलं, घरी जमिनीचं काम सांगितलं आणि गाडीने गोंदिया गाठलं.

पहिल्या दुकानातला बोर्ड जुन्या सॉकेटाचा निघाला. दुसऱ्याचा सॉकेट जुळला, तर तो मोठा, दीप्तीच्या छोट्या कॅबिनेटात मावणारच नव्हता. भाऊ पान पाहून एकेक हरकत काढत राहिले. दुकानदार हसून म्हणाला, काका, तुम्ही स्वतः खेळता की काय? भाऊ हौ म्हणाले. म्हणजे दिवसभरात खोटं दोन वेळा झालं. तिसऱ्या दुकानात अगदी तोच बोर्ड मिळाला. रात्रीच्या जेवणाआधी तो जुन्या खोक्यात जाऊन बसला. खोक्यावर त्यांनी ताजं कुंकू लावलं, आणि लावताना देवाकडे पाहिलं नाही.

रविवारी दीप्ती जोडायला बसली. बोर्डावरचं काळं झाकण तिने उचललं आणि कितीतरी वेळ पिनांकडेच बघत राहिली. मग मान वर करून बापाकडे पाहिलं. भाऊ खोक्यावरचं कुंकू पाहत राहिले. मग ती प्रोसेसर बसवायला वाकली.

पडदा उजळला. ती नाचेल असं भाऊंना वाटलेलं. ती उठली, त्यांच्या पायाला हात लावला आणि चहा करायला आत निघून गेली. भाऊंना ते पाय कुठे लपवावे कळेना.

त्या आठवड्यात रामपायलीला राममंदिरात कीर्तन होतं. भाऊ म्हणजे बुवांचे हक्काचे टाळकरी. बुवांनी निरूपणाला विषय घेतला, नकळत घडलेलं पाप आणि जाणून लपवलेलं पाप. पहिलं देव पोटात घालतो, म्हणाले, दुसरं माणसालाच वाहावं लागतं. भाऊंचा टाळ दोनदा चुकला. शेजारच्याने कोपर मारलं, तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं.

परतताना त्यांनी ठरवलं, पोरीला सांगायचं. पण रिकाम्या हाताने नाही. जुन्या बोर्डाच्या पिना सरळ झाल्या, तर तो तिच्यापुढे ठेवायचा आणि हात जोडायचे.

दुसऱ्या दिवशी लाज गिळून ते वीरेंद्रच्या दुकानात गेले. पिशवीतून बोर्ड काढला, आणि त्याने विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"माझ्या हातानं झालं, वीरेंद्र. पूजा करताना. पोरीले अजून माहीत नाही."

वीरेंद्रने बोर्ड दिव्याखाली धरला. पिना पाहिल्या. उलटा करून मागे चिकटवलेली आपल्या दुकानाची चिठ्ठी वाचली. मग त्या तोंडाच्या सैल माणसाने उठून दुकानाचं दार लोटलं.

"काका, ह्या पिना नाही होत सरळ," तो म्हणाला. "दीप्ती वाकल्या पिनांचा हाच बोर्ड घेऊन आलती, तवाच मी तिले सांगतलं होतं. फक्त तवा याच्यावर कुंकू नव्हतं."