फोटोबद्दल तक्रार

"काकी, आता नवा व्हिडिओ टाकताच येणार नाही," स्नेहल म्हणाली. "जुनेही काढून टाकलेत त्यांनी."

चिमणाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"का गं? मी काय कुणाला शिव्या घातल्या?"

"फोटोबद्दल कुणीतरी तक्रार केलीय. कोणी, ते कंपनी सांगत नाही."

फोटो म्हणजे चिमणाबाईंच्या मुलाचा, सम्राटचा. पेठेच्या फुटबॉल संघाची जर्सी, कपाळावर गुलाल, दात सगळे बाहेर. त्यानंतर महिनाही झाला नसेल, नापास झाला म्हणून बापानं त्याला भर चौकात पट्ट्यानं फोडून काढलं आणि पोरगं घरातून गेलं. पंचगंगेच्या घाटावर बूट सापडले, पोरगं नाही. नदीनं नेलं, असं पेठेनं परस्पर ठरवून टाकलं. बाप त्याच घोरानं गेला. आई मात्र मानायला तयार नव्हती.

माडीवरची भाडेकरू स्नेहल लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. तिनंच काकींना चॅनल काढून दिलं. रोज सकाळी चिमणाबाई फोटो हातात धरून बोलायच्या, "सम्राट, बाबा, मी रागावल्याली न्हाय. असशील तिथनं एक फोन कर." मग बघणाऱ्यांचे आभार. चंदगडच्या एका कंडक्टरनं तो फोटो एसटीत चिकटवला, तर आठवडाभर त्याच्या नावानं आभार चालले होते. बाईला खोडच होती तशी. राँग नंबर लागला तरी म्हणायच्या, "बरं झालं बाबा, कुणाचा तरी आवाज ऐकला."

बारा वर्षं सरत आली होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं आणि मोकळं व्हायचं. जिवंत माणसाला शोधायला भावकीत कुणाला सवड नसते. मेलेल्याला वाटेला लावायला मात्र भटजीसकट सगळे वेळेवर हजर.

दीर गणपतरावांना तर फारच घाई. त्यांच्या प्रीतीचं लग्न जमत नव्हतं, आणि गारगोटीच्या कुठल्याशा देवरशानं सांगून ठेवलं होतं, घरातला एक जीव मधेच अडकलाय.

चिमणाबाई तडक त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तक्रार तुमी केलीसा?"

"कसली?"

"फोटोची."

गणपतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "वैनी, मला त्यो फोटो रोज बघवत न्हाय, ही गोष्ट खरी हाय. पोरगी बघायला आल्यालं पावणं पयला मोबाईल दावत्यात, ह्यो तुमचाच का म्हणून. पर तक्रार मी केल्याली न्हाय."

"मग कुणी केली?"

"कुणी का करंना! बंद झालं, चांगलं झालं. अमुशाला विधी उरकून घिऊया. पोराला किती दीस टांगून ठेवतासा?"

हा घाव बरोबर वर्मी बसला. चिमणाबाई उंबऱ्यावरच टेकल्या.

"स्नेहल कंपनीला अर्ज करणार हाय. अमुशापातूर चॅनल मिळालं तर मी एक शेवटची हाक मारती. न्हाय मिळालं तर तुमी म्हणशीला तसं."

"शब्द?"

"शब्द."

स्नेहलनं अर्ज लिहिला. फोटो माझ्या मुलाचा आहे, मी त्याची आई आहे, तो दाखवायचा मला हक्क आहे. चिमणाबाई दिवसातून दहादा माडीचा जिना चढायच्या. "आलं का गं काय?" काहीच येत नव्हतं.

अमावस्येला सकाळी घाटावर भावकी जमली. भटजींनी दर्भाचा पुतळा मांडला, त्याला सम्राटचं नाव दिलं. गणपतरावांनी आपल्या हातानं पुतळ्यावर फूल वाहिलं. माणूस वाईट नव्हता; पोरीचा बाप होता.

चिमणाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आलेल्या एकेकाला त्या हात जोडत होत्या. मग दिराजवळ आल्या.

"भाऊजी, तुमच्यावर आळ घेतला, मनात धरू नगासा. तुमी हुता म्हणून मी इतकी वर्सं तगली."

"वैनी, असं नका बोलू."

"आणि तक्रार ज्यानं केली, त्येचं बी देव भलं करो. जिथं असंल तिथं सुखात ऱ्हावू दे त्येला. मला थांबवायला कुणीतरी पायजेच हुतं."

भटजींनी खूण केली. गणपतरावांनी काडी ओढली. तेवढ्यात स्नेहल मोबाईल घेऊन घाटाच्या पायऱ्या धडाधडा उतरत आली.

"काकी, उत्तर आलं! नाही म्हणालेत. चॅनल मिळणार नाही."

"असू दे बाई. तू लई केलंस माझ्यासाठी. तुझं उपकार कसं फेडू?"

"अहो, ती काडी विझवा आधी!" स्नेहलला धाप लागली होती. "काकी, पुढचं ऐका. आई असली तरी चालत नाही, असं लिहिलंय. अशी तक्रार फक्त फोटोतल्या माणसालाच करता येते, आणि त्यानं ती स्वतः, ओळखपत्र दाखवून केलीय."