धरलेला श्वास

२०१७ साल होतं. संयोगिताला इस्लामपूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची पहिलीवहिली नोकरी लागली होती.

छातीचा फोटो काढायला जोतीराम फौजी आले. "श्वास घ्या, धरून ठेवा," असं म्हणून तिनं बटण दाबलं. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली, आणि "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी बायको अंबूबाई त्यांना पुन्हा घेऊन आली. छाती अजून तशीच फुगलेली.

"आवं म्याडम, सोडा म्हणा की! मिल्ट्रीचा माणूस, हुकमाबिगर ऐकायचा न्हाई. ना जेवण, ना पाणी."

संयोगितानं त्यांचं मनगट धरलं. थंडगार. नाडी लागेना. जोतीराम मात्र तिच्या ओठांकडं टक लावून बघत होते. आपण तो शब्द उच्चारला की काय होईल, हे तिला कळून चुकलं.

तिचा चेहरा बघून अंबूबाईनंही नवऱ्याचं मनगट चाचपलं. मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नका म्हणू."

अंबूबाई पाच वर्षांनी वारली. संयोगिता आता सांगलीत एक्स-रे विभागाची प्रमुख आहे. पेशंटला "सोडा" म्हणायचं काम ती हाताखालच्या धनाजीवर सोपवते.

जोतीराम अजून घरच्या ओसरीवर बसलेत, छाती फुगवून. दारावरून कुणी बाई बोलत गेली, की मान वळवतात.