थाप

शर्यत संपली तरी लोएल मोटारीतून उतरला नाही. शेजारी त्याचा मेकॅनिक व्हर्जिल गॉगल पुसत बसला होता. मोटारीला मागचं दाखवणारा आरसा नव्हता, म्हणून ओहायोच्या त्या मातीच्या ट्रॅकवर लोएलने फक्त पुढे बघायचं आणि मागून कोणी आलं की व्हर्जिलने त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, हे दोघांचं ठरलेलं होतं. आज शेवटच्या फेरीत लाल मोटार मागून येऊन पुढे निघून गेली, तरी गुडघ्याला हात लागला नाही.

"धुळीत दिसलीच नाही रे," व्हर्जिल म्हणाला आणि त्याने आता कुठे थाप मारली.

पुढच्या मोसमात व्हर्जिल त्या लाल मोटारीत बसलेला दिसेपर्यंत लोएलला ती थाप खरीच वाटत होती.

त्याच वर्षी लोएल मोटार विकून विमान घ्यायला गेला.

"याला शेजारी सीट नाही हं," विकणारा चाचरत म्हणाला.

"म्हणून तर घेतोय."

पहिल्यांदा एकटा वर गेला, तेव्हा खालचा ट्रॅक बांगडीएवढा दिसत होता आणि मागे नुसतं आभाळ होतं. तरी लोएल सारखा मान वळवून मागे बघत होता.