हो बाय, हो

मागच्या खेपेला शिआत्सूच्या परीक्षेत शिवकन्या नापास झाली होती. "अंगठ्यात जोर आहे, हाताला धीर नाही," असा शेरा पडला होता. जपानी पद्धतीनं अंगठ्याचा दाब देऊन अंग मोकळं करायची ही विद्या शिकायला नारायणगडाकडच्या म्हाळू मेंढपाळाची ही लेक वर्षभर रोज बीडला येत होती. आज पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडम स्वतःच गादीवर पालथ्या झोपल्या. "बोलायचं अजिबात नाही. करा सुरू."

शिवकन्यानं अंगठा टेकवला. पाठ लाकडासारखी ताठ! तिनं डोळे मिटले. तिचे आप्पा अडलेल्या मेंढीच्या पाठीवर ठेवतात तसा सबंध तळवा ठेवला, मॅडमचा श्वास संथ होईस्तोवर थांबली आणि मगच अंगाचा भार अंगठ्यावर सोडला. पाठ सैल पडत गेली, अन् त्या तंद्रीत तिच्या तोंडून निघून गेलं, "हो बाय, हो... हो बाय, हो..."

मागं बसलेल्या पोरी फिसकन हसल्या. शिवकन्याचे हात जागीच थिजले.

"हे काय होतं?" मॅडमनी पालथ्या पालथ्याच विचारलं.

"चुकलं, मॅडम. आमचे आप्पा अडलेल्या मेंढीला असं..."

मग उशीतून आवाज आला, त्यात पुण्याचा मागमूसही नव्हता.

"आमचा आबा बी मेंढीला असंच म्हणायचा. थांबलीस कावून, बाय?"