आईला सांगायचं होतं

"आकाशपाळण्यातून उतरल्यावर सांग," दीपाली कुजबुजली. "म्हणजे आईंना चक्कर आलीच, तर पाळण्याने आली असं म्हणता येईल."

सागर हसला. त्याला घाई नव्हती. पंधरा दिवस घोळवून बेत पक्का केला होता. घरी सांगितलं असतं तर आई चुलीपुढे बसून राहिली असती, दोन दिवस जेवली नसती. त्यापेक्षा तिला दिवसभर हिंडवायची, हसवायची, आणि परतीला निघायच्या आधी एखाद्या झाडाखाली शांतपणे विषय काढायचा. रत्नागिरीजवळच्या या नव्या पार्कात सगळे आले होते ते त्यासाठीच. पार्कचं नाव खरं तर आधी आईनेच काढलं होतं. सागरला तो शुभशकुन वाटला.

सर्वेश सात वर्षांचा, शमिका चारची. दोघंही लांज्याला आजीकडेच वाढलेली. मुंबईत सागर आणि दीपाली दोघांच्याही नोकऱ्या पाळीच्या, आणि राहायला भाड्याची एक खोली. जरा बस्तान बसू दे, मग नेऊ पोरांना, असं म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. आता बदलापूरला दोन खोल्या झाल्या होत्या, शाळेत नावंही घातली होती. फक्त आईला, आनंदीबाईंना, सांगायचं राहिलं होतं.

सागरचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. काजूच्या कारखान्यातून घरी आलं की ही दोन पोरं, एवढाच काय तो आनंदीबाईंचा संसार. तोच आपण उचलून न्यायचा, या विचाराने दीपालीला घास गोड लागत नव्हता. सागर मात्र ठाम होता. आई रडेल, मग समजून घेईल. आईला त्याच्याइतकं कोण ओळखत होतं?

पाण्याच्या घसरगुंडीपाशी सर्वेश अडला. वर चढलेली पोरं किंचाळत खाली येत होती. तो मागे फिरून आजीकडे धावला.

"आजी, तू चल."

आनंदीबाई बाकावरून हलल्या नाहीत. नवी हिरवी साडी चापून-चोपून नेसून त्या बसल्या होत्या.

"बाबांबरोबर जा. मी हितंच हाय."

सर्वेशने बापाकडे जरा संशयानेच पाहिलं. सागरने त्याला उचलून घेतलं आणि पायऱ्या चढला. वर पोचल्यावर पोराने त्याच्या गळ्याला अशी मिठी मारली की श्वास घेणं कठीण व्हावं. दोघं खाली आले, पाण्यात आपटले, नाकातोंडात पाणी गेलं. सर्वेश खोकला, डोळे चोळले आणि म्हणाला, "बाबा, परत."

सात वर्षांत पोराने असं कधी म्हटलं नव्हतं. सागरने बाकाकडे पाहिलं. आई दुसरीकडे तोंड करून बाटलीतलं पाणी पीत होती.

शमिकाचंही तेच. तिची वेणी सुटली, तर आजी म्हणाली, "आईकडून घालून घे." मग दीपालीला म्हणाली, "जास्त ओढू नको गो. रडते ती." शू लागली तेव्हाही, "आईला सांग बाय."

"थकलीय गं आई," सागर दीपालीच्या कानात म्हणाला. "पोरांमागे धावणं आता तिच्याच्याने होत नाही. आपण करतोय ते बरोबरच आहे."

जेवताना आनंदीबाई मध्येच सांगत राहिल्या. शमिकाला माशाचा काटा काढून द्यावा लागतो. सर्वेशला संध्याकाळी ताक दिलं की खोकला होतो. ताप आला तरी तो सांगत नाही, गप्प राहिला की कपाळाला हात लावून बघायचा.

"आई, मला कशाला सांगताय? तुम्ही आहात की," दीपाली ताटाकडे बघत म्हणाली.

"असू दे. ठाऊक असलेलं बरं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या उठून चार पावलं बाजूला गेल्या.

"होय, जेवले. तुम्ही जेवलात काय? बरं. ठेवते."

"कोण गं?" सागरने विचारलं.

"कारखान्यातले मुकादम. हरिश्चंद्र."

"सुट्टीच्या दिवशीपण सोडत नाहीत तुला."

आनंदीबाईंनी पदराने चेहरा पुसला.

चार वाजता दीपाली पोरांना घेऊन झुकझुकगाडीत बसली. जाताना तिने सागरकडे पाहिलं. तो आईला घेऊन आंब्याच्या सावलीत आला. तिचा हात त्याने हातात घेतला.

"आई, शाळा सुरू व्हायच्या आधी पोरांना आम्ही मुंबईला नेतोय. कायमची. घर झालंय, शाळा बघितलीय. तुझ्याकडून काय कमी झालं म्हणून नाय. पण आता आमच्याजवळ वाढू देत."

समोरून गाडी गेली. शमिका आईच्या मांडीवर बसून हात हलवत होती. आनंदीबाईंनीही हात हलवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. सागरची त्याला तयारी होती. पुढचं वाक्यही त्याने पाठ केलं होतं.

"तू एकटी राहू नको. तू पण चल आमच्याबरोबर."

त्यांनी डोळे पुसले. मुलाच्या हातावर दुसरा हात ठेवून, लहानपणी त्याला समजवायच्या त्याच आवाजात विचारलं, "कधी नेताय?"

"दहा-बारा जूनपर्यंत."

"जरा आधी न्याल काय रे?" आनंदीबाई म्हणाल्या. "आठ तारखेला माझं लग्न हाय."