न दुखणारी गाठ

जिभेखाली वाटाण्याएवढी मऊ गाठ आली, पण ती दुखेचना, शिंपीकाका चक्रावले. मेहुण्याने धडकी भरवली, “न दुखणारीच वाईट!” आपल्यामागे कुणाचं कापड अडकायला नको, म्हणून काकांनी नवी मापं घेणंच थांबवलं. आज डॉक्टर गाठ दाबून म्हणाले, “दुखत नाही ना? मग उत्तम!” आता खरं कुणाचं मानायचं? डॉक्टर पुढे म्हणाले, “लाळेची नळी तुंबलीय. गाठ आपोआप जिरेलही, नाहीतर छोटंसं ऑपरेशन. तोंडात काही टोचलं होतं?” “टाचण्या धरतात ओठांत, तीस वर्षं,” सोबत आलेल्या काकूंनी सांगून टाकलं. कामात काकांना बोलायचं असलं की काकूच त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरत, आणि काका टाचण्या त्यावर सोडत. डॉक्टर खेकसले, “यापुढे तोंडात काहीही धरायचं नाही!” आणि पेनाचं टोपण दातांत धरून चिठ्ठी लिहू लागले. काका आणखीच गोंधळले. काकूंनी सवयीने डॉक्टरांच्या हनुवटीखाली तळहात धरला.