उपाशी पोटी बांधलेला पट्टा

आयसीयूत ड्यूटीवर येताना सिस्टरने भरपेट जेवूनच यायचं, हा पोटपट्टा आल्यापासूनचा पहिला नियम होता. पट्टा कमरेला बांधला की बेशुद्ध पेशंटच्या आतड्यातलं दुखणं सिस्टरच्या पोटात उमटायचं. स्वतःचं पोट शांत असलं, तरच ते ओळखू यायचं.

वैजयंता सिस्टरनी तो नियम एकदाच मोडला. व्हेंटिलेटरवरच्या चिमुकल्या ओवीचा त्यांना फार लळा लागला होता. तिच्यासाठी त्यांनी संकष्टी धरली, तीही निर्जळी.

दुपारी पोटात कळ आली. "मेलं हे पित्त!" असं पुटपुटत त्या ओवीची सलाईन बदलत राहिल्या. संध्याकाळी कळ असह्य झाली, तेव्हा त्यांनी बाप्पाला विनवलं, "चंद्र दिसेपर्यंत बळ दे रे."

मग ओवीचं अंग पुसताना तिचं पोट हाताला दगडासारखं लागलं. डॉक्टर धावत आले. आतड्याला पीळ पडला होता आणि दुपारपासून ते आतल्या आत सडत चाललं होतं. ऑपरेशनला न्यायच्या आतच पोर गेली.

सिस्टरनी पट्टा सोडला आणि त्या सांगायला बाहेर आल्या. दारातच ओवीची आई डबा उघडून उभी होती.

"सिस्टर, चंद्र उगवला. माझ्या पोरीसाठी उपास केलात, पहिला मोदक तुम्हीच खा."

सिस्टरांचा हात पोटावर गेला. सकाळपासून पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता, आणि तरी तिथे आता काहीच दुखत नव्हतं.